आवाजाचा संग्रह: तेरच्या निमित्ताने घरगुती ध्वनिमुद्रणाचा इतिहास

धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे, ते बहुतेक डोळ्यांनी मिळवलेले आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ या फार मोठ्या नगराचा उल्लेख येतो. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जात असे, असे त्याचा दर्यावर्दी लेखक लिहितो. हे तगर म्हणजे तेरणेच्या काठचे आपले तेर, ही ओळख जे. एफ. फ्लीट यांनी १९०१च्या सुमारास पटवून दिली. कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे शेकडो वर्षांनंतरही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत राहिले. गावात त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर आहे. मागची बाजू अर्धगोल, छत हत्तीच्या पाठीसारखे, मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. शंखाच्या बांगड्या, मणी, सातवाहनांची नाणी, केओलिनच्या बाहुल्या, रोमन घाटाचे मातीचे दिवे आणि पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्रीमूर्ती, असा ऐवज इथल्या जमिनीने दिला. बाजारात काय विकले जाई, बायका केस कसे बांधत, दिव्यात वात कुठे ठेवत, हे सगळे सांगता येते. त्या बाजारात बोलणे कसे चाले, विटांच्या त्या छताखाली पठण कसे घुमे, हे सांगता येत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आवाजाचा असा आग्रह धरणे वेडेपणाचे होईल. पण शंभर वर्षांपूर्वीच्या तेरचा आवाजही सांगता येत नाही, आणि तिथे मात्र काळाला दोष देऊन भागत नाही. यंत्र तेव्हा जगात आलेले होते.

वस्तूंच्या बाबतीत तेरचे नशीब वेगळे निघाले, ते एका घरामुळे. रामलिंगप्पा लामतुरे हे गावातलेच गृहस्थ. व्यवसायाने ते पुरातत्त्वज्ञ नव्हते. पावसाने पांढरीची माती धुपली की वर येणारे मणी, खापरे, मातीच्या मूर्ती, नाणी ते गोळा करत गेले आणि घरात जपत गेले. हा छंद वर्षानुवर्षे चालला आणि वस्तू हजारोंच्या घरात गेल्या. आज राज्य शासनाचे जे वस्तुसंग्रहालय तेरमध्ये त्यांच्या नावाने उभे आहे, त्याचा गाभा म्हणजे हा घरगुती संग्रह. तो नसता तर यातले बरेचसे पोरांच्या खेळात, मुंबईच्या दुकानांत किंवा पुन्हा मातीत गेले असते. आज धाराशिव जिल्ह्यातल्या एखाद्या गावात कुणी हौसेने घरात माइक, ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप मांडून ध्वनिमुद्रणाची खोली करतो, तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर बहुधा मुंबई-पुण्याचा स्टुडिओ असतो. माझे म्हणणे असे, की त्याचा खरा पूर्वज त्या स्टुडिओत नाही, लामतुऱ्यांच्या घरात आहे. मराठी मुलखात ध्वनीचा जो भूतकाळ शिल्लक राहिला, त्याचा फार मोठा आणि फार मोलाचा भाग व्यावसायिक स्टुडिओबाहेर, बिनपगारी प्रेमाने नोंदला गेला. घरगुती ध्वनिमुद्रणाकडे स्टुडिओची स्वस्त नक्कल म्हणून पाहणे हे इतिहासाला धरून नाही.

सुरुवातीपासून पाहू. एडिसनने १८७७मध्ये केलेला फोनोग्राफ आवाज ऐकवणारा होता तसाच नोंदणाराही होता. पुढे मेणाच्या नळकांड्या आल्या, तेव्हाही कोरी नळकांडी लावून घरात बोलणे मुद्रित करता येई आणि मेण तासून तीच पुन्हा वापरता येई. म्हणजे घरात ध्वनिमुद्रण करणे ही गोष्ट उद्योगाच्या आधीची आहे. एमिल बर्लिनरच्या ग्रामोफोनने सपाट तबकडी आणली, तिच्या हजारो प्रती काढण्याची सोय झाली आणि त्याच पावली घरातल्या माणसाचा नोंदण्याचा हक्क गेला. घरात उरले ते नुसते ऐकणे. नोंदायचे काय, हे कंपनी ठरवू लागली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२मध्ये कलकत्त्यात उतरला आणि नोव्हेंबरात त्याने गायिका गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तबकडीवर साधारण तीन मिनिटे मावत. कर्ण्यात तोंड घालून चढ्या आवाजात गावे लागे, कारण विजेचा मायक्रोफोन यायला १९२५ उजाडायचे होते. या चौकटीत बसेल ते गाणे, पुरेशा प्रती खपतील तो गायक, आणि कंपनीची माणसे पोचतील ते शहर, अशी तिहेरी चाळणी लागली. तिच्यातून मराठी मुलखाला पुष्कळ मिळाले, हे नाकारायचे कारण नाही. अब्दुल करीम खाँ मिळाले, बालगंधर्व मिळाले. पण भास्करबुवा बखले १९२२मध्ये गेले आणि अल्लादिया खाँ १९४६मध्ये, आणि या दोघांचेही गाणे आज ऐकायला मिळत नाही. ज्यांच्या तालमीतून अर्धे महाराष्ट्रीय गायन उभे राहिले त्यांची ही कथा, तर निजामाच्या राज्यातल्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात, तेरसारख्या गावात, एकादशीला कीर्तन करणाऱ्या बुवांची काय असणार? ते कुणाच्या यादीतच नव्हते.

टेप आली तेव्हा हे पारडे थोडे फिरले. स्पूलची यंत्रे महाग होती, आयातीवर बंधने होती, तरी मुंबई-पुण्यातल्या काही गानवेड्या घरांत ती पोचली. मैफली घरांत होत, तिथेच त्या मुद्रित होत. रेडिओवरचे गाणे रेडिओसमोर यंत्र ठेवून उतरवून घेतले जाई. या फितींचे मोल एका उदाहरणावरून ध्यानात येते. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सुवर्णतबकडीतून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. ती साडेतीन मिनिटांची आहे, तबकडीच्या मापाची. पण केसरबाई राग कसा उभा करत, आलापाची एक फेरी पूर्ण व्हायला किती वेळ घेत, समेवर कशा येत, हे कळते ते खासगी मैफलींच्या ध्वनिफितींवरून. जगाबाहेर पाठवायला कंपनीची तबकडी कामी आली; शिष्यांना आणि अभ्यासकांना मात्र घरची फीत लागते. केसरबाई स्वतः आपले गाणे असे पकडून ठेवण्याच्या बाबतीत फार सावध होत्या, हेही इथेच नोंदवायला हवे. तो प्रश्न घरगुती ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातला सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि त्याच्याकडे पुढे यावेच लागेल.

शास्त्रीय संगीताला निदान श्रीमंत चाहते होते. ओवीला तेही नव्हते. ओवीचे शब्द जपण्याचे काम मराठीत मनापासून झाले: साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या मार्फत खंडामागून खंड काढले. खानदेशात बहिणाबाई चौधरींच्या ओव्या घरच्याच मंडळींनी टिपून ठेवल्या म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२मध्ये, त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि आचार्य अत्रे यांना त्या छापता आल्या. घरातली ती वही नसती तर मराठी कविता केवढ्या ऐश्वर्याला मुकली असती! पण वहीत चाल उतरत नाही. दळताना श्वास कुठे तुटतो, जात्याची घरघर कोणत्या स्वराला धरून असते, दुसरी बाई ओळ कुठे उचलते, हे छापील ओवीत नसते. ही उणीव भरून काढणारे काम गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी उभे केले. पुण्यातल्या त्यांच्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी, ज्यांत खेड्यांतल्या बायका पुष्कळ होत्या, महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखभर ओव्या उतरवून घेतल्या. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार बेल हे फ्रेंच संगणक-संगीतज्ञ त्यांना येऊन मिळाले. त्यांनी १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण केले आणि शब्दांची सूची संगणकावर रचली. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवर ओव्या गाणाऱ्या बायका, असे मराठवाड्याचे आवाज त्यात आहेत. २०१७पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर ते कुणालाही ऐकता येतात. हे काम घरगुती नव्हते, त्याला संस्था होती, काही वर्षे युनेस्कोसारख्यांचे साहाय्यही होते. पण त्यातले ध्वनिमुद्रण स्टुडिओत झाले नाही. ते ओटीवर, माजघरात, जात्याशेजारी झाले, आणि म्हणूनच झाले. त्या बायकांना शहरातल्या काचेच्या खोलीत नेऊन उभे केले असते तर काय गायल्या असत्या, कोण जाणे.

यापुढचा यंत्रांचा इतिहास भराभर सांगता येण्यासारखा आहे. फिलिप्सने १९६३मध्ये कॅसेट आणली. ऐंशीच्या दशकात ती आपल्या खेड्यांत पोचली आणि भारूड, गोंधळ, भीमगीते, तमाशातली गाणी छोट्या-छोट्या कंपन्यांनी काढली. ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडली ती कॅसेटने. टॅस्कमच्या पोर्टास्टुडिओने १९७९मध्ये चार ट्रॅक एका कॅसेटवर आणून हौशी माणसाच्या टेबलावर ठेवले. ऑडॅसिटी ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली २००० साली आली. नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत दोन माइक जोडता येतील असा इंटरफेस मध्यमवर्गीय घराला परवडू लागला. एडिसनच्या नळकांडीसोबत घरातून गेलेला नोंदण्याचा हक्क शंभर वर्षांनी असा परत आला. तो परत आला तेव्हा आपण त्याचे काय केले, हे पाहिले की मन खट्टू होते. घरगुती स्टुडिओचा बहुतेक उपयोग कराओकेच्या ट्रॅकवर सिनेगीत गाण्यासाठी, डीजेच्या मिश्रणासाठी, ऑटोट्यूनने सूर सरळ करण्यासाठी होतो. त्यात वाईट काही नाही, आनंद आहे. पण ज्या गोष्टीला कंपनीने शतकभर दार लावले होते, ती दाराशी येऊन उभी असताना आपण कंपनीचेच गाणे पुन्हा मुद्रित करत बसलो आहोत.

यावर पहिला आक्षेप दर्जाचा येईल. घरातले मुद्रण खोलीच्या घुमाऱ्याने खराब होते, बाहेरचा ट्रॅक्टर ऐकू येतो, पंखा घरघरतो. यातले खरे तेवढे मानून, बाकीचे तपासून पाहिले पाहिजे. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरे, जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर, ही आवाज शोषून घेणारी रचना होती. त्या घरांबद्दल हळहळण्याचा मात्र कुणालाही अधिकार नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर-उस्मानाबादच्या भूकंपात हजारो माणसे गेली ती बहुतांशी याच दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांच्या ओझ्याखाली. सिमेंटची घरे आली ती आली, आणि ठीक झाले. पण सिमेंटचा गुळगुळीत गिलावा आपल्यावर पडलेला जवळजवळ सगळा आवाज परत फेकतो, त्यामुळे रिकाम्या खोलीत बोललेला शब्द पुढच्या शब्दावर चढतो. यावर तोडगा बाजारातल्या पातळ फोमच्या चौकटी नव्हेत. त्या वरच्या पट्टीचा आवाज शोषतात, खालच्या पट्टीचा घुमारा तसाच ठेवतात, आणि मुद्रण पिचके, कोंदट लागते. जाड वाकळा दोरीवर भिंतीपासून वीतभर पुढे टांगल्या, जमिनीवर सतरंजी टाकली, कोपऱ्यात कापसाच्या गाद्या उभ्या केल्या, की साध्या खोलीत ओवी आणि अभंग छान उतरतो. माइक तोंडापासून वीत-दीड वीत, किंचित बाजूला. जात्यासह मुद्रण करायचे तर दुसरा माइक जात्याकडे, कारण दगडाची घरघर गळ्याच्या माइकने घेतली तर शब्द गिळते. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर मुद्रण ठेवले की बाई हळू गायली किंवा एकदम टिपेला गेली तरी पातळी मागेपुढे करायला भरपूर जागा राहते. ही मापे जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांनीही किमान म्हणून मानलेली आहेत. म्हणजे जतनाच्या व्यावसायिक कसोटीला घरचे यंत्र आज उतरते. उरला ट्रॅक्टर. तो ऐकू आला तर येऊ द्यावा. पन्नास वर्षांनी तेरच्या गल्लीत दुपारी काय ऐकू येई, हे कुणाला तरी हवे असणारच.

तेरच्या माणसाला तर कानाची कसोटी नव्याने शिकवायला नको. तेरचेच संत गोरोबाकाका कुंभार यांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. संत जमलेले असताना मुक्ताईने थापटणे कशाला असे विचारले, आणि काकांनी ते एकेकाच्या डोक्यावर मारून कोण पक्के, कोण कच्चे ते सांगितले, आणि कच्चे ठरलेले नामदेव रुसले. आख्यायिका म्हणून ती आहे तशी घ्यावी, पण तिच्यामागे कुंभाराचे खरे कसब आहे: भाजलेले मडके वाजवून पाहणे, तडा डोळ्याला दिसण्याआधी कानाने ओळखणे. ज्या व्यवसायाने गावाला संत दिला, त्या व्यवसायाचे आवाज, चाकाची फिरकी, थापटण्याचा ताल, आव्यातून काढलेल्या मडक्याची टिचकी, नीट मुद्रित करून ठेवणे हे इथल्या हौशी माणसाचे पहिल्या आठवड्याचे काम असायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जोरदार आहे. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. चैत्र वद्य त्रयोदशीला गोरोबाकाकांच्या समाधीच्या यात्रेत शेकडो लोक भजन मुद्रित करतात. मग वेगळ्या खोलीची आणि वेगळ्या माणसाची गरज काय? याचे उत्तर तेरच्या जमिनीतच आहे. लामतुऱ्यांनी वस्तू जमवल्या, पण पृष्ठभागावर मिळालेल्या मण्याचे वय मणी सांगत नाही. १९५८मध्ये बा. ना. चापेकरांनी इथे उत्खनन केले, थरांमागून थर मोजले, तेव्हा कोणती वस्तू कोणत्या काळाची हे बोलायला आधार मिळाला. फोनमधले मुद्रण म्हणजे थर हरवलेला मणी. कोण गाते, गाव कोणते, माहेर कोणते, ओवी कुणाकडून आली, तारीख काय, हे नसेल तर फोन बदलताना ते पुसले जाईल, आणि नाही पुसले गेले तरी मुके राहील. गौहरजान आपल्या तबकडीच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत असे. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जात आणि तिथल्या कारागिरांना मेणावरच्या कुठल्या रेषा कुणाच्या हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. ती पद्धत आजही सर्वांत भरवशाची आहे, कारण कागदाची चिठ्ठी हरवते, संगणकातले फाइलचे नाव बदलते, पण मुद्रणाच्या आतच बोललेले नाव मुद्रणाबरोबर राहते. घरची खोली लागते ती या शिस्तीसाठी. तिथे वही असते, एकाच पद्धतीची नावे असतात, आणि वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या तीन प्रती असतात. जागेची सबब आता चालत नाही: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचे मोनो मुद्रण तासाला अर्ध्या जीबीच्या आसपास जाते. बेल यांच्या मुद्रणाएवढे १२० तास नखाएवढ्या ६४ जीबीच्या कार्डात मावतील.

हे काम सरकारने आणि विद्यापीठांनी करावे, हौशी माणसाच्या गळ्यात का मारता, असेही कुणी म्हणेल. त्यांनी करावेच. पण इतिहासाचा अनुभव असा की संस्था शेवटी येते. तेरचे संग्रहालय घराच्या मागून आले. गुरगावला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२मध्ये स्थापलेले ध्वनिसंग्रह केंद्र आहे. ओव्यांची मुद्रणे आधी तिथे ठेवली गेली, आणि तिथला साठा मुख्यतः इतरांनी आपापल्या परीने जमवून आणून दिलेल्या संग्रहांतूनच वाढला आहे. कुणी आधी घरात जमवले, तरच संस्थेला घ्यायला काही असते. शिवाय विद्यापीठाचा अभ्यासक चार दिवस येतो. शेजारच्या घरातली आजी चार दिवसांत खुलत नाही. तिला आषाढात एक ओवी आठवते, नातीच्या लग्नात दुसरी, आणि माणूस गेल्यावर तिसरी. वर्षभर हाकेच्या अंतरावर असलेली खोली हेच गावातल्या हौशी माणसाचे असे बळ आहे, जे कुठल्याही संस्थेला विकत घेता येत नाही.

उरतो केसरबाईंचा प्रश्न. आवाज ज्याचा, त्याने नको म्हटले तर? इथे मला तडजोड दिसत नाही. मैफलींच्या चोरून केलेल्या फितींनी आपल्याला अमोल ठेवा दिला हे खरे, आणि त्या करणाऱ्यांनी गायकाचा शब्द मोडला हेही खरे. एक गोष्ट दुसरीला पुसून टाकत नाही. दळताना गायलेल्या ओवीत सासूची, नवऱ्याची, भावकीची तक्रार असते. ती जात्याला सांगितलेली असते, युट्यूबला नव्हे. म्हणून मुद्रणाआधी विचारावे, मुद्रणानंतर पूर्ण ऐकवावे, कुठले घरात ठेवायचे, कुठले तिच्या हयातीनंतर उघडायचे आणि कुठले आजच सगळ्यांना द्यायचे हे तिने सांगावे, आणि तिचे ते सांगणेही तिच्याच आवाजात त्याच फाइलला जोडावे. प्वातवँ-राईरकरांच्या सूचीत शेकडो बायका आपल्या नावागावानिशी उभ्या आहेत. ‘एक अनाम स्त्री’ म्हणून नव्हे. तेरमधल्या खोलीत पहिले मुद्रण होईल तेव्हा तारीख आणि गाव यांच्याआधी गाणारीचे पूर्ण नाव, तिला हवे तसे, माहेरच्या नावासह, तिने स्वतः उच्चारलेले असावे, आणि मग यंत्राजवळ बसलेल्याने गप्प राहावे.